वाचकांचे प्रश्न : दरी किती उतरायची?

सुट्टीत मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या खानदेशातल्या वाचकांचे या वेळचे बरेचसे प्रश्न ॲरिझोना आणि युटा या राज्यांतल्या दऱ्यांबद्दल आहेत. एका दिवसात जाऊन परत येता येईल अशी पायवाट कशी निवडायची, हे जवळपास प्रत्येकाने विचारलं आहे. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

मी ६१ वर्षांचा, पत्नी ५७. मेच्या शेवटी मुलगा फिनिक्सहून ग्रँड कॅन्यनला नेणार आहे. हातात एकच दिवस आहे. रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो आणि भुसावळचं ऊन अंगवळणी पडलेलं आहे. नदीपर्यंत उतरून संध्याकाळी वर येता येईल का? नाहीतर कुठपर्यंत जावं? — एक वाचक, भुसावळ

नदीपर्यंत जाऊ नका. उद्यानाचं प्रशासनच सांगतं की कड्यावरून नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी परत चढायचं धाडस करू नये, मे ते सप्टेंबरमध्ये तर मुळीच नाही. तुमचं चालणं कमी पडेल म्हणून हे सांगत नाही. गड चढताना दम आधी लागतो. झेपत नाही असं वाटलं की माणूस वळतो आणि उतारावरून निवांत खाली येतो. दरीत सगळं उलटं. गारव्यात, ताज्या पायांनी उतरायचं आणि पाय थकल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर, बाटलीतलं पाणी तळाला गेल्यावर चढायचं. आपण दमलो हे ज्या क्षणी कळतं, त्या क्षणी सगळा चढ अजून बाकी असतो.

म्हणून किलोमीटर बघू नका, परतीचा चढ बघा. दक्षिण कड्यावरून दोन वाटा लोकप्रिय आहेत. ब्राइट एंजल ट्रेलवर दुसऱ्या बोगद्यापर्यंत जाऊन-येऊन २.८ किलोमीटर आणि चढ १८० मीटर. त्याच वाटेवर दीड मैलावरच्या विश्रांतिगृहापर्यंत जाऊन-येऊन ४.८ किलोमीटर, चढ ३४० मीटर. तीन मैलांवरच्या विश्रांतिगृहाला ९.६ किलोमीटर आणि ६४५ मीटर. हवासुपाई गार्डन्सला १४.५ किलोमीटर आणि ९२५ मीटर. एक मजला तीन मीटरचा धरा. ३४० मीटर म्हणजे ११३ मजले जिना चढणं झालं. आणि ही सुरुवातच समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटरवर होते. भुसावळ दोनशे-सव्वादोनशे मीटरवर आहे, आपलं तोरणमाळसुद्धा साडेअकराशेच्या आसपास. तिथल्या विरळ हवेत पहिल्या दिवशी साध्या चढालाही धाप लागते.

दुसरी वाट साउथ कायबॅब. ती दांडावरून जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंना दरी उघडी दिसते. कमी चालून जास्त पाहायचं तर हीच वाट उजवी. ‘ऊ-आ’ पॉइंट जाऊन-येऊन २.९ किलोमीटर, चढ सुमारे २३० मीटर. सिडर रिज ४.८ किलोमीटर, ३४० मीटर. पण दांड म्हटला की सावली नाही, आणि या वाटेवर पाण्याचा एकही नळ नाही. खासगी गाडीलाही वाटेच्या तोंडापर्यंत सोडत नाहीत, उद्यानाच्या फुकट शटल बसनेच जावं लागतं. ब्राइट एंजल कड्याच्या कुशीतून उतरते. तिथे सकाळी बराच वेळ सावली टिकते आणि दीड मैलावर शौचालयही आहे. तुम्हा दोघांना आम्ही ब्राइट एंजलच सुचवू. दुसऱ्या बोगद्यापाशी थांबा, एकमेकांच्या तोंडाकडे बघा. दोघंही सहज बोलू शकत असाल तरच दीड मैलापर्यंत जा. त्याच्या पुढे नाही.

वेळेचा हिशेब असा मांडा : उतरायला जेवढा वेळ, चढायला त्याच्या दुप्पट. मेअखेरीस तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो. साडेपाचला निघालात आणि तासाभरात दीड मैल उतरलात तर साडेसहाला वळायचं, म्हणजे साडेआठ-नऊला वर. दहाच्या आत कड्यावर पोचणं हे खरं लक्ष्य. पाण्याचंही तसंच, एक भाग उतरताना आणि दोन भाग चढतानासाठी. माणशी दोन लिटर घेतलं असेल तर खाली वळताना बाटल्यांत सव्वा लिटरहून अधिक उरलेलं दिसलं पाहिजे. नसेल तर तुम्ही आधीच वळायला हवं होतं. ब्राइट एंजलवर हंगामात नळ असतात, पण जुनी जलवाहिनी वरचेवर फुटते आणि नळ कोरडे पडतात. त्यांच्या भरवशावर बाटली रिकामी नेऊ नका.

आता भुसावळच्या उन्हाचं. ग्रँड कॅन्यनमध्ये मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमान कड्यावर २१ अंश आणि तळाशी ३३ अंश असतं, जुलैत तेच २९ आणि ४१. म्हणजे गारव्यातून उतरत आपण आपल्याच गावच्या वैशाखात पोचतो. शिवाय हे आकडे सावलीतले, वाटेवरचा दगड त्याहून किती तरी तापतो. भुसावळात ४५ अंशांची सवय आहे हे खरं, पण त्या उन्हात बारा ते चार आपण दार लावून कूलरपुढे बसतो. पाठीवर ओझं घेऊन शंभर मजले चढत नाही. इथे तेच करायची वेळ येते आणि चढताना शरीरात तयार होणाऱ्या उष्णतेत बाहेरची उष्णता मिसळते. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. तुम्ही अशी गोळी घेत असाल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

आणि एक. वाटेत खेचरांचा तांडा आला तर दरीच्या कडेला सरकू नका, डोंगराच्या बाजूला उभे राहा आणि हाकणारा सांगेल तसं करा.

जायच्या आधी तीन महिने हातात आहेत. इथे सराव कसा करावा? — एक वाचक, चाळीसगाव

तुमच्या शेजारीच उत्तम जागा आहे. पितळखोऱ्याला गाडी वर पठारावर थांबते, पायऱ्या उतरून लेण्यांपर्यंत जायचं आणि चढून परत यायचं. दरीची रचना हीच आहे, आधी उतार आणि मग चढ. अजिंठ्याला व्ह्यू पॉइंटकडून वाघूरच्या पात्राकडे उतरणाऱ्या पायऱ्याही तशाच कामाच्या. पाटणादेवीहून केदारकुंडाकडची वाट दगडाधोंड्यांत पाऊल टाकायची सवय लावते.

रोजच्या सरावाला घरचा किंवा शेजारच्या इमारतीचा जिना पुरतो. पायरी साधारण १७ सेंटिमीटरची धरली तर ३४० मीटर म्हणजे २००० पायऱ्या. पहिल्या आठवड्यात ३०० पायऱ्यांनी सुरुवात करा आणि दर आठवड्याला दीडएकशे वाढवत न्या. बाराव्या आठवड्यात दोन हजारांच्या जवळ पोचाल. शेवटचे चार आठवडे पाठीवर तीन किलो वजन घ्या, म्हणजे दोन लिटर पाणी आणि डबा. उतरण्याचा सराव लोक विसरतात. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या चढाने नव्हे, उताराने. पाऊल खाली टेकताना मांडीचा स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार झेलतो, ती सवय आधी लावली नसेल तर जिना उतरताना कठडा धरावा लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर दोन काठ्या घ्या. उतरताना काठी थोडी लांब, चढताना थोडी आखूड.

आम्ही चार मित्र तिकडे शिकतो. ऑगस्टमध्ये तीन दिवस युटातल्या झायन उद्यानात जायचं आहे. एंजल्स लँडिंगचा कडा आणि नदीच्या पात्रातून जाणारी नॅरोजची घळ, दोन्ही करायचे आहेत, जमल्यास ॲन्टेलोप कॅन्यनही. पुराची भीती घालतात, पण आम्ही जळगावचे, पाऊस काय आम्हाला नवा नाही. — एक वाचक, जळगाव

जळगावचे आहात म्हणूनच हे लगेच समजेल. हतनूरचे दरवाजे उघडले की भुसावळात आभाळ कोरडं असलं तरी तापी चढते. पाऊस पडलेला असतो वर, खोऱ्यात. झायनमध्ये नेमकं हेच होतं, फक्त मध्ये धरण नाही, भोंगा नाही, आणि नदीचं पात्र काही ठिकाणी सात-आठ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना शेकडो फूट उभी भिंत. तिथली जमीन म्हणजे उघडा खडक आणि घट्ट बसलेली माती, पाणी जिरतच नाही. जुलै ते सप्टेंबर हा त्या भागातला वळवासारख्या गडगडाटी पावसाचा काळ, आणि हा पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर ॲन्टेलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक पुरात गेले. पाऊस झाला होता कित्येक किलोमीटर वर, त्यांच्या डोक्यावर नव्हे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल कॅन्यन या अरुंद घळीत सात जण गेले.

त्यामुळे नॅरोजचा दिवस तुम्ही ठरवायचा नाही, हवामान खात्याला ठरवू द्यायचा. रोज सकाळी उद्यानात अचानक येणाऱ्या पुराचा अंदाज चार पायऱ्यांत लावतात : अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. ‘शक्य’ असेल तर आमच्या मते नवख्यांनी भिंती जवळ येतात तिथपर्यंत जाऊच नये. ‘संभाव्य’ आणि ‘अपेक्षित’ असेल तर पात्रात पाऊलसुद्धा नको. प्रत्यक्ष पुराचा इशारा निघाला की वाट बंद करतात आणि इशारा उठल्यानंतरही किमान दोन तास बंद ठेवतात. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला तरी बंद. आत असताना डोळे आणि कान उघडे ठेवा. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, धार जोर धरू लागली, वरच्या अंगाकडून घोंघावता आवाज वाढला, यातलं एक जरी दिसलं तरी फोटो सोडून उंच जागा गाठायची. धावत तोंडाशी पोचण्याचा प्रयत्न करू नका. पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येतं, आणि दोन मीटर वर चढून बसलात तरी जीव वाचू शकतो.

खालून सुरू होणाऱ्या वाटेला परवाना लागत नाही. टेंपल ऑफ सिनावावा या शेवटच्या बसथांब्यावरून नदीकाठची फरसबंदी वाट संपली की पाणी सुरू. तिथून पाहिजे तेवढं जाऊन परतायचं, बिग स्प्रिंगच्या पुढे मनाई आहे. तिथपर्यंत जाऊन-येऊन १५ किलोमीटर भरतात, पण पाण्यातले १५ म्हणजे पूर्ण दिवस. तळाला शेवाळलेले गोलगोटे असतात, नारळापासून माठाएवढे. पाऊल त्यांच्या माथ्यावर न टाकता दोन गोट्यांच्या फटीत टाका, तेही काठीने चाचपून. सॅंडल नको, बोटं झाकणारे बूट हवेत. ऑगस्टमध्येसुद्धा आत ऊन पोचत नाही, दोन तासांनी हुडहुडी भरते. पात्रातलं पाणी पिऊ नका. त्यात विषारी शेवाळासारखे सूक्ष्मजीव सापडले आहेत आणि साध्या गाळणीने ते विष निघत नाही.

एंजल्स लँडिंगला १ एप्रिल २०२२ पासून परवाना सक्तीचा आहे आणि तो सोडतीने मिळतो. हंगामासाठी आधीच निघणाऱ्या सोडतीत नाव आलं नसेल तर आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत अर्ज करता येतो. वाट जाऊन-येऊन ८.७ किलोमीटर, चढ ४५३ मीटर. शेवटच्या अर्ध्या मैलात साखळ्या धरून अरुंद धारेवरून जायचं, दोन्हीकडे सरळ कडा. वाळूचा दगड ओला झाला की बूट सटकतो, आणि वीज पडायला याहून उघडी जागा नाही. ऑगस्टमध्ये पहिल्या बसने निघा, अकराच्या आत खाली या. परवाना मिळाला नाही तर हळहळू नका. साखळ्या सुरू होण्याआधीच्या स्काउट लुकआउटपर्यंत परवाना लागत नाही आणि खालची दरी तिथूनही पुरी दिसते. चौघांतल्या एकाचे पाय लटपटत असतील तर त्याला ‘चल रे, काही होत नाही’ म्हणू नका.

ॲन्टेलोप कॅन्यन नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे, त्यांच्या अधिकृत वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. वाटाड्याने फेरी रद्द केली तर वाद घालू नका. घड्याळही सांभाळा. ऑगस्टमध्ये युटाचं घड्याळ ॲरिझोनापेक्षा एक तास पुढे असतं, आणि पेज गावातल्या या फेऱ्या ॲरिझोनाच्या वेळेनुसार निघतात.

आखाजीला जावं की दिवाळीला? — एक वाचक, धुळे

दोन्ही चांगले, दिवाळी थोडी अधिक. आखाजीच्या सुमारास, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, चालायला हवा छान असते, पण बर्फ वितळून नद्या फुगतात आणि नॅरोज अनेकदा बंद असतो. युटातल्या ब्राइस कॅन्यन उद्यानात सावलीतल्या वळणांवर एप्रिलमध्येही बर्फ सापडतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरलेला, पाणी नितळ, झाडं पिवळी. दिवस मात्र लहान. टॉर्च जवळ ठेवा, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. डिसेंबर ते मार्चमध्ये ग्रँड कॅन्यनच्या वरच्या वळणांवर गोठलेला बर्फ असतो, बुटांना लावायचे काटे घेतल्याशिवाय उतरू नका.

बरोबर नातवंडं असतील, वय ६ आणि ९. त्यांना कुठे चालवावं? — एक वाचिका, शहादा

ब्राइस कॅन्यन. मुलांना तिथलं काही समजावून सांगावं लागत नाही. लाल-केशरी सुळक्यांच्या गल्ल्यांतून चालायचं. क्वीन्स गार्डन आणि नावाहो लूप या दोन वाटा जोडून ४.६ किलोमीटरचा फेरा होतो, चढ सुमारे १८० मीटर. सनराइज पॉइंटवरून क्वीन्स गार्डनने उतरा आणि नावाहोने सनसेट पॉइंटला चढा. उलट जाऊ नका. नावाहोची वळणं उभी आणि बारीक खडीची आहेत, तिथे मुलं उतरताना धावतात आणि घसरतात. चढताना धावत नाहीत. कडा २४०० मीटरच्या वर आहे, सहा वर्षांचं मूल मध्येच बसेल. घाई करू नका, तीन तास धरा.

झायनमध्ये नदीकाठची रिव्हरसाइड वॉक, जाऊन-येऊन ३.५ किलोमीटर, जवळपास सपाट. आर्चेस उद्यानात डेलिकेट आर्च या दगडी कमानीकडे नेण्याचा मोह होईल. जाऊन-येऊन ४.८ किलोमीटर, चढ १४६ मीटर, आकडे सोपे वाटतात. पण सगळा उघडा खडक, वाटेत सावली नाही, आणि शेवटी कड्याच्या अंगाने कोरलेली वाट, एका बाजूला कठडा नाही. नऊ वर्षांच्या मुलाला सकाळी लवकर हात धरून नेता येईल. सहा वर्षांच्याला त्याऐवजी लँडस्केप आर्च दाखवा. वाट सोपी आणि कमान ९३ मीटर रुंद. कॅन्यनलँड्स उद्यानातली मेसा आर्च चालायला जवळ आहे म्हणून मुलांना पुढे सोडू नका. कमानीच्या पलीकडे थेट दरी आहे.

साडी नेसून चालता येईल का? बूट घ्यावेच लागतील का? आणि खायला काय न्यावं? — तीन वाचिका, अमळनेर

कड्यावरच्या सपाट वाटेवर साडी चालेल, दरीत नको. पायऱ्यांच्या लाकडी ओंडक्यांत काठ अडकतो आणि उतरताना पुढचं पाऊल दिसत नाही. सुती सलवार-कुर्ता उत्तम. बूट घ्याच, आणि अर्धा नंबर मोठे. उतरताना पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याची नखं काळीनिळी होतात. नखं आदल्या दिवशी कापा. नवे बूट दोन आठवडे घरात आणि बाजारात घालून मऊ करा.

डोक्याला बागायतदार रुमाल बांधा, पाणी सापडेल तिथे तो आणि कुर्त्याची पाठ भिजवा. जळगावच्या मेमध्ये कूलरचं गवत ओलं केलं की खोली गार होते, मुंबईत होत नाही. कारण इथली हवा कोरडी. तिथली हवाही तशीच, ओला सुती कपडा अंगावरचा कूलर होतो. हिवाळ्यात आणि नॅरोजच्या पाण्यात मात्र सुती कपडा टाळा, तोच गारवा तिथे बाधतो.

या कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, येतो तसा उडून जातो. तासाभराने रुमालाच्या कडेवर मिठाची पांढरी रेघ उमटते, ती बघा. शरीरातून काय चाललंय ते कळेल. चढावर तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं. पण नुसतं पाणीच ढोसत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, भ्रम. ही लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात आणि घरची माणसं आणखी पाणी पाजतात. म्हणून प्रत्येक थांब्यावर काही तरी खारट खा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, खारे दाणे, आपले केळीचे वेफर्स, यासारखं दुसरं नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, की जलसंजीवनी तयार. इलेक्ट्रॉलची पाकिटं नेलीत तर बरंच. दर तासाला दहा मिनिटं सावलीत बसा आणि पाय दगडावर उंच ठेवा.

वाट सोडून चालू नका असे फलक जागोजागी का? सगळी उजाड जमीनच तर असते. — एक वाचक, चोपडा

उजाड दिसते, पण जिवंत आहे. खाली वाकून बघा. मातीवर तव्यावर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी काळपट, फुगीर खवली दिसेल. ती सूक्ष्म जिवाणू, शेवाळ आणि दगडफुलासारखे जीव यांनी मिळून विणलेली साय आहे. ती माती धरून ठेवते, पाणी मुरवते. एक पाऊल पडलं की ती चुरा होते आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. चालायचंच झालं तर उघड्या खडकावरून किंवा वाळूच्या कोरड्या नाल्यातून चाला. खडकावर पायवाट उमटत नाही, तिथे दगडावर दगड रचलेल्या छोट्या राशी वाट दाखवतात. पुढची रास दिसल्याशिवाय आधीची सोडू नका, आणि हौस म्हणून नवी रचू नका. मागून येणारा तिच्यावर भरवसा ठेवून चुकतो.

मुक्ताईनगरकडे तापी-पूर्णेच्या काठी अशाच घळी आहेत. तिकडे जाण्याऐवजी इथेच भटकता येईल का? — एक वाचक, बोदवड

येईल, पण त्या घळी वेगळ्या जातीच्या आहेत. तिकडच्या दऱ्या खडकात कोरलेल्या, आपल्या घळी नदीने आणून टाकलेल्या गाळात पावसाच्या पाण्याने पाडलेल्या. खडक भार पेलतो, गाळाचा काठ पेलत नाही. वरून सपाट दिसणारी कड आतून पोखरलेली असते. तेव्हा काठापासून दोन-तीन मीटर आत चाला आणि जमिनीत काठाला समांतर भेग दिसली तर आणखी मागे सरका. पावसाळ्यात आणि पाऊस थांबल्यावर आठ-पंधरा दिवस घळीच्या तळात उतरू नका, ओली भिंत विनाआवाज ढासळते. सगळ्या घळी सारख्याच दिसतात आणि फाटे फुटतात, म्हणून प्रत्येक फाट्यावर मागे वळून परतीची खूण बघून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी, गावातला एक माहीतगार गुराखी बरोबर घेऊन जा. रब्बीच्या शेतांतून जाताना मालकाला विचारा आणि बांधावरूनच चाला.